काजू मुक्त झाला

अठरा जून रस्त्यावरच्या त्या काजूच्या दुकानात मालकाने हात जोडले, तेव्हा गोकुळदासला आधी बरंच वाटलं. एकदाच निवडून आलेल्या आणि त्यानंतर दोनदा सपाटून पडलेल्या आमदाराला पणजीत आता ओळखतं कोण? बँकेतली मुलगीसुद्धा त्याच्याकडे ओळखपत्र मागते. आणि हा कोण कुठला माणूस काउंटरच्या मागून उठून "परब साहेब ना तुम्ही?" असं विचारत होता. त्याची मुलगी शालिनी बाळंतपणासाठी त्यांच्या पणजीच्या फ्लॅटवर आली होती, तिला सातवा लागला होता, आणि सकाळी उठल्या उठल्या तिला खारे काजू खावेसे वाटले होते. गावाहून परतायला उशीर झाला तर रविवारची दुकानं उघडी मिळायची नाहीत, म्हणून जातानाच घ्यावेत असा साधा विचार करून तो आत शिरला होता. मालकाने एक जाड पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. वर कसलीशी अनोळखी लिपी होती, कोंबडीने पाय उमटवावेत तशी. मालक म्हणाला, "साहेब, तुम्ही तो करार करून आणलात म्हणून आमच्यासारखे उभे राहिले. ह्याचे पैसे घेतले तर मला पाप लागेल." गोकुळदासने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. कुठे ओठाच्या कोपऱ्यात हसू दडलंय का, डोळा मिचकावतोय का. काही नव्हतं. माणूस मनापासून आभार मानत होता. शिव्या गोकुळदासला पचवता आल्या असत्या; राजकारणात राहून तेवढी सवय होते. पण हे आभार त्याच्या पोटात कुठेतरी जाऊन बसले आणि तिथेच राहिले. पाकीट तसंच काउंटरवर ठेवून तो बाहेर पडला. मागून मालक हाका मारत होता. गाडीत सत्यवतीने विचारलं, काजू कुठे? तो म्हणाला, नव्हते. काजूच्या दुकानात काजू नव्हते हे ऐकून त्याची बायको पदर नीट करून समोर बघत बसली.

धाकूचा फोन गुरुवारी आला होता. धाकू म्हणजे धाकट्या चुलत्याचा मुलगा, गावात राहिलेला, डोंगरावर काजूची बाग करणारा, बारा-पाचांच्या, म्हणजे गावच्या मानकऱ्यांच्या, मानात गोकुळदासच्या बरोबरीने बसणारा. तो बोलायला तसा ऐसपैस. पण त्या दिवशी त्याने चार शब्दांत संपवलं. आयतवारी ये, देवळांत गाराणां घालूचां आसा. कसलां, असं गोकुळदासने विचारल्यावर धाकू म्हणाला, "काजीचां. ज्येणी ह्यां आमच्या बोडार हाडलां, तेचां." ज्याने हे गावाच्या डोक्यावर आणलं त्याचं, एवढं बोलून त्याने फोन ठेवला. गाऱ्हाणं हा शब्द पणजीत कोणी बोललं तर त्याचा अर्थ तक्रार. विधानसभेत गोकुळदासने असली गाऱ्हाणी पोत्याने मांडली होती आणि ती पोत्यानेच परत आली होती. गावात त्याचा अर्थ वेगळा. तिथे गाऱ्हाणं देवाला घालतात, सगळ्यांच्या वतीने एकाने, आणि तो एक ठरलेला असतो. गावच्या रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालायचा मान परबांच्या थोरल्या घराचा, म्हणजे गोकुळदासच्या आजोबांचा, मग बापाचा, आणि आता त्याचा. तो आल्याशिवाय गाऱ्हाणं होत नाही. त्याला बोलावलं होतं ते पाहुणा म्हणून नव्हे. ज्या कोणी हे केलं त्याला देवाने बघून घ्यावं, हे त्याच्याच तोंडून गावाला हवं होतं. गुरुवारपासून त्याची झोप उडाली होती. गावाने आपल्याला मुद्दाम बोलावलंय का, की रीत म्हणून, हे त्याला काही केल्या ठरवता येत नव्हतं, आणि दोन्हींपैकी कशाची जास्त भीती वाटते तेही कळत नव्हतं.

म्हापसा मागे पडला, शिवोलीचं चर्च गेलं. गाडी तो स्वतःच चालवत होता. ड्रायव्हर गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. आमदार असताना तो दिल्लीला गेला तेव्हा ड्रायव्हर होता, पीए होता, आणि सामान उचलायला बाबली होता. बाबली गावचाच, निवडणुकीत त्याच्यासाठी भिंती रंगवलेला, त्याला एकदा दिल्ली बघायची होती म्हणून नेलेला. काजूचे दोन डबे बाबलीच्या मांडीवर होते, साहेब लोकांना द्यायला. पूर्वेकडच्या देशांशी सरकार कसलासा मोठा करार करणार, त्यांचा माल इकडे येणार, जकात उतरणार, म्हणून काजूवाल्यांच्या एका शिष्टमंडळाने निवेदन द्यायचं ठरवलं होतं आणि स्थानिक आमदार म्हणून त्यात गोकुळदासला घेतलं होतं. दिल्लीतल्या मंत्रालयात पोचेपर्यंत शिष्टमंडळातले दोघे आजारी पडले आणि एकजण मेहुण्याकडे गेला. उरलेल्यांना आत बोलावलं, पण पासावर नावं कमी होती. गोकुळदास आणि बाबली बाहेरच्या बाकावर बसले. बाक लाकडाचा, मध्ये खचलेला. समोर पाण्याचा कूलर गुरगुरत होता, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्या कूलरकडे बघायचा, बाकाकडे बघायचा नाही. जेवणाची वेळ टळून गेल्यावर एक तरुण अधिकारी बाहेर आला, अतिशय सभ्य, आणि बाहेर बसलेल्यांची विचारपूस करू लागला. गोकुळदासने त्याला विचारलं की हा करार कधी व्हायचाय, म्हणजे आम्हाला आमचं म्हणणं मांडता येईल. त्या मुलाला खरंच वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "वो तो हो चुका है, सर." कोणी केला, असं गोकुळदासने विचारलं. अधिकारी जरा गोंधळला. ह्या प्रश्नाची त्याला सवय नव्हती. मग तो म्हणाला की सरकारने. म्हणजे नेमकं कोणी, तर म्हणे सगळ्यांनी मिळून. बाबलीने डबे त्याच्याच हातात दिले आणि दोघे बाहेर आले. पायऱ्यांवर बाबलीने त्याचा एक फोटो काढला, मागे ती लाल दगडाची मोठी इमारत.

ही गोष्ट त्याने घरी आल्यावर सत्यवतीला सांगितली होती, जशीच्या तशी, हसत हसत. आणि मग पुन्हा कुणालाही सांगितली नाही. सांगायला वेळच मिळाला नाही असंही म्हणता येईल. दाबोळीच्या विमानतळावर गावची माणसं हार घेऊन उभी होती. कुठल्याशा वर्तमानपत्राने गोव्याच्या शिष्टमंडळाला दिल्लीत यश असं काहीतरी छापलं होतं, आणि यश म्हणजे काय हे कोणी विचारलं नव्हतं. गळ्यात हार पडत असताना माणूस मी बाहेर बाकावर बसलो होतो असं कसं सांगणार? आठवड्याभरात तुयेच्या नाक्यावर मोठा फलक लागला. दिल्लीच्या पायऱ्यांवरचा तोच फोटो, त्याचं हसू वाढवून घेतलेलं, आणि खाली मुक्त व्यापाराचे शिल्पकार. फलकाखालीच सभा झाली आणि त्या सभेत तो बोलला. त्याला अजून ते आठवतं, कारण आयुष्यात त्याच्या तोंडून एकच वाक्य असं निघालं की लोकांनी ते उचललं. तो म्हणाला होता, एकसष्टात गोवा मुक्त झाला, आता आमचा काजू मुक्त झाला. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेत म्हातारे होते, पोर्तुगीज गेलेले ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमचा काजू आता जगभर बिनजकात जाणार, असं तो सांगत होता, आणि सांगता सांगता त्याला ते स्वतःलाच पटत चाललं होतं. इतकी मोठी गोष्ट, आणि तिला मालक नाही. संसदेत म्हणे कोणाला हातसुद्धा वर करावा लागला नव्हता. खासदाराला विचारलं तर तो मंत्र्यांकडे बोट दाखवी, मंत्री वाटाघाटी करणाऱ्यांकडे, आणि ते वाटाघाटी करणारे कोण ते कोणालाच ठाऊक नसे. रस्त्यात पडलेली वस्तू कोणी उचलत नाही असं बघून आपण उचलावी तसं त्याने ते श्रेय उचललं होतं. त्यात कोणाचं काय गेलं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

चोपड्याच्या पुलावर वारा एकदम अंगावर आला. खाली शापोरा नदी भरतीला लागलेली, रंगाने शिळ्या चहासारखी. सत्यवतीने काच वर घेतली. तिच्या मनात काय चाललंय ते त्याला माहीत होतं, कारण काल जेवताना ती ते बोलली होती. ती म्हणाली होती, तुम्ही सांगून टाका. देवळात जायच्या आधीच सांगून टाका की तुम्ही आत नव्हतात, तुमचा काही संबंध नव्हता. गाऱ्हाण्यात माणसाचं घरदार येतं, मूळ-फांदी येते. शालूचं मागचं मूल राहिलं नाही. ह्या वेळी तरी. एवढं म्हणून ती थांबली होती आणि भात पुढे सरकवला होता. ती म्हणत होती ते बरोबरच होतं. खरं सांगितलं की तो सुटत होता. पण ज्यातून सुटायचं ते सोडलं की मागे काय उरतं, हा प्रश्न तिला पडला नव्हता. एक टर्म आमदारकी, तुयेच्या आरोग्यकेंद्राची संरक्षक भिंत, एक बसथांबा ज्यात आता गुरं बसतात, आणि तो करार. करार काढला तर भिंत आणि बसथांबा.

खरं म्हणजे त्याला दुसराच विचार छळत होता. देव कशावर जातो, केलेल्यावर की सांगितलेल्यावर? त्याने केलं नव्हतं हे रवळनाथाला ठाऊक असणार. पण त्याने केलं असं तो स्वतः म्हणाला होता, तेही गावाच्या सीमेत, लाउडस्पीकर लावून. आता देवापुढे उभं राहून ज्येणी कोणी केलां असं म्हटल्यावर देव कुठे बघेल? दिल्लीच्या त्या अधिकाऱ्याकडे तर नक्कीच बघणार नाही. रवळनाथाची शीव कोरगाव-पार्शेच्या पुढे जात नाही. सीमेच्या आत शोधायचं म्हटलं तर नाव एकच आहे. बाप त्याला गाऱ्हाणं शिकवत असे तेव्हा एक गोष्ट बजावून सांगे, की गाऱ्हाण्यात माणसाचं नाव घ्यायचं नाही. ज्येणी कोणी, जो कोण, असंच म्हणायचं. का, असं पोरवयात त्याने विचारलं होतं. बाप म्हणाला होता की नाव घेतलं की मग देवाच्या हातात काही राहत नाही. हे सगळं त्याला खुळेपणाचं वाटत असे. पणजीच्या फ्लॅटमध्ये, फ्रिज आणि टीव्हीच्या मध्ये, आजही वाटतं. पण पुलाच्या ह्या बाजूला आलं की ते तेवढं खुळेपणाचं राहत नाही, हे त्याने आधीही अनुभवलं होतं.

तुयेच्या औद्योगिक वसाहतीवरून जाताना त्याने मान वळवली नाही. तिथला काजूचा कारखाना बंद होता. फाटकाला गंजलेली साखळी होती आणि भिंतीवर कोणी गोवऱ्या थापल्या होत्या. धाकूची सून वत्सला तिथे बिया फोडायला जायची. बियांच्या सालीतल्या डिकाने तिची बोटं काळी पडली होती, आणि तुमच्या साहेबामुळे आता पगार वाढणार असं तिने त्या सभेच्या दिवशी सत्यवतीला लाजत सांगितलं होतं. मग बाहेरचा फोडलेला माल आला, साफ, पांढरा, एका मापाचा, आणि ह्यांच्या बियांना कोणी विचारेनासं झालं. त्यातच पलीकडे सुर्ल्याच्या खाणी बंद पडल्या, ट्रक उभे राहिले, आणि तिकडे गेलेली गावची मुलं काजूवर पोट भरू म्हणून परत आली, तेव्हा काजूवर पोट भरायचे दिवस संपले होते. काही तेरेखोलला जाऊन पर्यटकांच्या बॅगा उचलू लागली. कोणी गोकुळदासला काही बोललं नाही. मतं मात्र दिली नाहीत. फक्त त्याचं ते वाक्य गावात राहून गेलं, वेगळ्याच कामाला लागलं. भाताची पेंढी पावसात कुजली की म्हणायचे, मुक्त झाली. म्हातारं माणूस गेलं, की तेही. एकदा तो एका मर्तिकाला गेला असताना पाठीमागे कोणीतरी असंच म्हणालं, आणि मग त्याला बघून गप्प झालं. तेव्हा आपल्याला राग आला की बरं वाटलं, हे त्याने स्वतःला कधी नीट विचारलं नव्हतं.

गावात शिरताना वास आला. काजूचा हंगाम म्हटला की बोंडांचा वास असतोच, गोडसर, डोक्यात चढणारा. पण हा तसा नव्हता. वेचणीची मजुरी बियांच्या भावात सुटत नव्हती, म्हणून सिंधुदुर्गातून येणारी माणसं ह्या वर्षी कोणी बोलावली नव्हती, आणि वरच्या डोंगरावर बोंडं झाडांखाली तशीच सडत होती. कुजलेल्या फळांचा तो आंबूस दर्प रस्त्यावर, अंगणात, माणसांच्या कपड्यांत भरून राहिला होता. ओसऱ्यांवर बियांची पोती होती. लोक रस्त्याच्या कडेला थांबून त्याच्या गाडीला वाट देत होते, मान लववत होते. एरवी कोणीतरी हटकतं, काच खाली करायला लावतं, सोरोप होऊन पणजीच्या बिळात बसलास म्हणून थट्टा करतं. आज कोणी हटकलं नाही. सत्यवती हळूच म्हणाली की एवढी अदब बरी नव्हे. त्यालाही तसंच वाटत होतं. त्याला गाडी वळवून परत जावंसं वाटलं. देवळापुढच्या पारापाशी येईपर्यंत त्याला तसं वाटत राहिलं.

उन्हं कलली होती. देऊळ भरलं होतं. पुरुष सभामंडपात, बायका डाव्या अंगाला खांबांच्या मागे. गुरवाने समईची वात वर सारली. गोकुळदासने शर्ट काढून खांद्यावर उपरणं घेतलं आणि तो बापाच्या जागी जाऊन उभा राहिला, तोच धाकू पुढे आला. धाकू थकला होता. गालफडं आत गेली होती. त्याने गोकुळदासच्या खांद्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गोकळू, पयलीं एक गजाल. तू भियेव नाका. हें गाराणां तुजेर न्हय."

हे गाऱ्हाणं आपल्यावर नाही, हे गोकुळदासच्या डोक्यात शिरेना. धाकूने मग समजुतीच्या सुरात सगळं सांगितलं. तो म्हणाला की गाव येडा नाही. दिल्लीहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबलीने पारावर बसून सगळी हकिगत सांगितली होती, तो बाक, तो कूलर, तो सभ्य अधिकारी, सगळं. तुला आत घेतलंसुद्धा नव्हतं हे गावातल्या पोरासोराला ठाऊक आहे. फलक लावला तेव्हाही ठाऊक होतं. मग लावू दिला कशाला, तर म्हणे आपला माणूस, हौस झाली त्याची. गोकुळदासने बाबलीकडे पाहिलं. बाबली खांबाला टेकून उभा होता, केस पांढरे झालेले, आणि त्याच्या चेहऱ्यावर ओशाळलेपणा होता पण वाईटपणा नव्हता. त्या सभेतल्या टाळ्या गोकुळदासला आठवल्या. सगळ्या हातांना माहीत होतं. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतलं पाणी तेवढं खरं होतं, पण ते कशासाठी होतं कोण जाणे. आणि धाकू, ज्याला कोणाचं काही वाईट चिंतायचं नव्हतं, ज्याला फक्त भावाची भीती घालवायची होती, तो शेवटी म्हणाला, "थंय तुका कोण विचारता रे? तुज्यान बरां जावंक ना, तशां वायटय जावंक ना. तू आपलो बेगीन घाल."

त्याच्या हातून बरं झालं नाही तसं वाईटही झालं नाही, ह्यावर मंडपातून एक हसू फिरलं, मोठं नव्हे, घरच्या माणसांचं, मायेचं. कोणीतरी खोकलं. बायकांच्या बाजूला सत्यवतीने डोळे मिटून देवाला हात जोडलेले त्याला दिसले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. तिला हवं होतं ते मिळालं होतं, तेही त्याला काही न बोलावं लागता. शालिनी सुटली होती, तो सुटला होता. आता फक्त ठरलेलं बोलायचं आणि प्रसाद घेऊन घरी जायचं. त्यालाही हायसं वाटायला हवं होतं. तो वाट बघत राहिला, पण तसं काही वाटेना. उलट पायाखालची फरशी थंड लागत होती. इतकी वर्षं तो भीत होता ते शापाला, रागाला, मागे पाठीवर येणाऱ्या दगडाला. दगड आला असता तर त्याने तो घेतला असता. हे काय होतं? ह्यांनी त्याला दोषसुद्धा दिला नाही. त्याला वाटलं की ओरडून सांगावं, तुमचा कारखाना बंद पडला, तुमची पोरं लोकांच्या बॅगा उचलतात, एवढं सगळं झालं, आणि ते कोणी केलं म्हणता? कोणीच नाही? मग कोणाला बघून घ्यायला सांगताय देवाला? त्या कूलरला? पण समई पेटली होती, गुरव थांबला होता, आणि त्याने डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा," तो म्हणाला. आवाज बापासारखा निघाला, तो नेहमीच निघतो.

"व्हय म्हाराजा," मागून आलं.

बारा-पाचांची लेकरं एका मनाने, एका चित्ताने तुझ्या पायांकडे उभी राहिली आहेत, हे त्याने सांगितलं. त्यांचं काही चुकलंमाकलं असेल ते पोटात घाल, असं सांगितलं. प्रत्येक ठिकाणी सूर लांबवत न्यायचा आणि मग सोडायचा. सोडला की मागचे होय म्हणतात. मागचे शब्द ऐकत नसतात. लहानपणी तोही मागे उभा असे तेव्हा ऐकत नसे. मनात भलतंच काही चाललेलं असायचं आणि सूर सुटला की तोंडातून होय निघायचं. डोंगराची काजी मातीमोल झाली, बायलां-भुरग्यांच्या, बायकापोरांच्या तोंडचा घास गेला, तो सांगत गेला. व्हय म्हाराजा. आता ते आलं. ज्येणी कोणी ह्यां केलां, तेचो तू निवाडो कर, तेच्या घरादारार, तेच्या मुळार-फांट्यार तुजी नदर पडूं दी म्हाराजा. व्हय म्हाराजा, गाव म्हणाला, ह्या वेळी जास्त जोराने. इथे गाऱ्हाणं संपत होतं. इथे वाकून नमस्कार करायचा आणि गुरवाने तीर्थ द्यायचं. गोकुळदास वाकला नाही. मिटलेल्या डोळ्यांपुढे त्याला तो बाक दिसत होता, आणि बाकावर कोणी नव्हतं. तो शालिनीला विसरला नव्हता. ती त्याला अगदी स्पष्ट आठवत होती, पोटावर हात ठेवून काजूची वाट बघणारी, आणि तरीही त्याचा श्वास भरला, सूर पुन्हा वर गेला.

"आनी ज्येणी ह्यां केलां," तो म्हणाला, सावकाश, बापाच्या चालीत, एक अक्षर न गाळता, "तो दुसरो कोण न्हय. तो विठू परबाचो पूत गोकुळदास. तेणेंच केलां म्हाराजा."

आणि त्याने सूर सोडला.

"व्हय म्हाराजा," सगळा गाव एका आवाजात म्हणाला. धाकूचा आवाज सगळ्यांच्या वर होता. बाबलीचा होता. बायकांच्या बाजूने वत्सलाचा होता आणि तिच्याच शेजारून, इतकी वर्षं देवळात येत असलेल्या बाईचा सवयीचा, स्वच्छ, सत्यवतीचाही होता. क्षणभर गोकुळदासला अंगभर ऊब आली. त्याच्या बोलण्याला आजवर कधी गावाने असं एकमुखाने होय म्हटलं नव्हतं. मग मागे कोणाच्या तरी लक्षात आलं असावं, कारण मंडपात पाय सरकल्याचा आवाज झाला आणि थांबला. गुरवाने तीर्थाची पळी परत भांड्यात ठेवली. खांबांच्या मागून सत्यवती हळूच म्हणाली, "शालू."